मुलांचा श्वास मोजावा



पावसाळ्यात भिवपुरीत घरोघरी मुले खोकतात. पुष्कळदा ती साधी सर्दीच असते. परंतु २०२३ च्या आरंभी कोलकात्यात अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूने कित्येक बालकांची फुप्फुसे ग्रासली, काही दगावली. यावर मुलांसाठी लस नाही, प्रतिजैविकेही चालत नाहीत. म्हणून मला एवढेच सांगावयाचे आहे : मूल शांत असता, घड्याळ समोर ठेवून, पुरा एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, वर्षाच्या आतील बाळाचे ५०, पाच वर्षांखालील मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, कर्जतचे रुग्णालय गाठावे. सासूबाईंनी ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हटले, तरी त्यांनाही आकडा दाखवावा.