गार इंजिन, गरम काटा

आमच्या बचत गटाची जुनी गाडी भाजी घेऊन आठवडी बाजाराला जाते. परवा पहाटे चावी फिरवली, तर तापमानाचा काटा थेट लाल खुणेवर! रात्रभर उभी असलेली गाडी तापेल कशी? मिस्त्री म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." आमच्या पोटात गोळाच आला.

आम्ही आधी बॉनेट उघडलं. इंजिन हाताला गार, पाणीही पुरेसं. आमच्या सेन्सरला एकच वायर आहे. ती काढताच काटा खाली आला. म्हणजे वायर कुठे चिकटलेली नाही, संशय सेन्सरवरच. मग मल्टिमीटरची एक तार सेन्सरला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावली. असा सेन्सर गार असताना जास्त रोध दाखवतो, तापला की कमी. आमचा गार असूनही जवळजवळ शून्य दाखवत होता. गार इंजिनावरच सेन्सर बदलून घेतला. काटा ताळ्यावर आला, इंजिन खोलायचा खर्च वाचला.

पण बायांनो, चालत्या गाडीत काटा लाल झाला, तर आधी थांबा, इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. काटा खोटा की खरा, हे तपासल्यावरच ठरवायचं.