गुडघ्याची दुखापत आणि मैदानावरील पुनरागमन



१५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ या उपक्रमाच्या निमित्ताने महाराष्ट्रातील लाखो विद्यार्थी फुटबॉल खेळण्यासाठी मैदानात उतरले. त्याच वर्षी भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. लष्करी छावणी असलेल्या अहमदनगर शहराला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगराला, फुटबॉल नवा नाही. कबड्डी आणि कुस्ती तर जिल्ह्याच्या गावोगावी रुजलेल्या. खेळ वाढला की दुखापतीही येणारच. त्यांपैकी एका दुखापतीने मात्र अनेक मुलामुलींचा खेळ कायमचा सुटतो. ती म्हणजे गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरपे बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढच्या अस्थिबंधाला खेळाडू ‘एसीएल’ या नावाने ओळखतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना सांधा स्थिर राखणे, हे त्याचे कार्य. पुष्कळदा तो कोणाचा धक्का न लागताच तुटतो. धावता धावता एकाएकी दिशा बदलावी, किंवा उडी मारून एका पायावर उतरावे, की गुडघा आत वळतो. ‘कट्’ असा आवाज होतो आणि काही तासांत सूज चढते. फुटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांपेक्षा अधिक असल्याचे आढळून आले आहे.

अशा वेळी गावात पहिला उपाय होतो तो चोळण्याचा. तो टाळावा. खेळ तत्काळ थांबवावा, पाय उंच ठेवावा, बर्फाने शेकावे व अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत व भौतिकोपचार महाविद्यालयेही आहेत. खर्चाचा प्रश्न असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार मिळू शकतात याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे अवश्य करावी.

शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाच्याच मांडीतील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन नवा बंध बसवितात. परंतु शस्त्रक्रिया ही उपचाराची केवळ सुरुवात होय. बसविलेला तुकडा पहिल्या काही महिन्यांत उलट दुबळा होतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग सावकाश तो बंधाचे रूप घेतो. नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला वाटते, आपण बरे झालो!

हिवरे बाजारच्या ग्रामस्थांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. डोंगरउतारावर पहिले हिरवे गवत दिसताच तेथे जनावरे सोडली असती, तर गवत मुळासकट गेले असते. म्हणून गावाने चराईबंदी पाळली. नव्या अस्थिबंधालाही अशीच चराईबंदी लागते.

ती किती काळ? नॉर्वे व अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवावे, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. पहिल्या आठवड्यांत पाय पूर्ण सरळ करणे व नीट चालणे, पुढे मांडीच्या स्नायूंचे बळ वाढविणे, तीन-चार महिन्यांनी हलके धावणे, मग उड्या, वळणे व चेंडूचा सराव, आणि सर्वांत शेवटी सामना, असा हा क्रम आहे. केवळ महिने मोजून भागत नाही. दुखऱ्या पायाचे बळ दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के झाले आहे काय आणि एका पायावरील उड्यांच्या चाचण्या पार पडल्या काय, हे तज्ज्ञांनी पाहावयाचे असते.

स्पेनची अलेक्सिया पुतेयास जुलै २०२२ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी जायबंदी झाली. ती सुमारे दहा महिन्यांनी मैदानात परतली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये विश्वविजेत्या संघात होती. मोटार अपघातानंतर क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या गुडघ्यावर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. तो मार्च २०२४ मध्ये पुन्हा खेळला. सर्व साधने हाताशी असलेल्यांनाही इतका काळ द्यावा लागला. तरीही सर्वांचेच पुनरागमन पूर्वीच्या तोडीचे होत नाही. २०१४ मधील एका व्यापक आढाव्यानुसार शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे वळले. स्पर्धात्मक खेळात परतले ते ५५ टक्के. पुन्हा पडण्याची भीती हेही त्याचे एक कारण असते. त्या भीतीला भित्रेपणा म्हणू नये.

येथे शिक्षक व अधिकारी यांची जबाबदारी येते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेतील ५ टक्के आरक्षण यांमुळे एकेका स्पर्धेला मोठे मोल आले आहे. ‘एवढी स्पर्धा खेळून घे’ हे वाक्य मग घरातून येते आणि शाळेतूनही. सोळा वर्षांच्या मुलीला त्याला नकार देता येत नाही. तो नकार तिच्या वतीने क्रीडाशिक्षकाने द्यावयाचा असतो. एक हंगाम हुकला, तर पुढचा मिळतो. गुडघा दुसऱ्यांदा गेला, तर खेळ बहुधा संपतो आणि पुढे शेतात बसून खुरपणेही कठीण होते.

दुखापत टाळण्याचा मार्ग तर बिनखर्ची आहे. जागतिक फुटबॉल महासंघाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केला आहे. धावणे, तोल सांभाळणे, मांडीचे व्यायाम आणि गुडघा आत न वळू देता उडीवरून उतरणे, एवढेच त्यात आहे. नॉर्वेमध्ये सुमारे १,९०० मुलींवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे दुखापती सुमारे एकतृतीयांशाने घटल्या.

ग्रामपंचायतीने मैदानातील खड्डे बुजवून दगडगोटे वेचावेत. शिक्षकांनी सरावाआधीची ती वीस मिनिटे सोडू नयेत. आणि जायबंदी मुलगा वा मुलगी मैदानाच्या कडेला बसलेली असेल, तर तिचे नाव संघाच्या यादीतून खोडू नये. धावफलक लिहिणे, चेंडू मोजून देणे, असे काही काम तिच्याकडे जरूर सोपवावे. परत येण्यासाठी आधी आपली जागा शिल्लक आहे, हे कळावे लागते.