थरांना नावे कशी देतात?



गावात विहीर खणताना काठावर ढीग पडतो. माती, मुरूम, दगड, सारे एकमेकांत कालवलेले. कोणता दगड किती हातांवर लागला, हे मग कुणालाच सांगता येत नाही. गाळाच्या खडकांत सारा अर्थ असतो तो या क्रमात. थर उलटेपालटे झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा.

थराचे वर्णन करताना रंग पाहावा, कण बारीक की भरड ते बोटाने चाचपावे, जाडी मोजावी, आत पानांचे ठसे आहेत का ते पाहावे. नाव मात्र रंगावरून देत नाहीत. तांबडा वालुकाश्म काय, ठिकठिकाणी सापडतो! म्हणून थर जिथे प्रथम नीट अभ्यासला गेला, त्या गावाचे किंवा नदीचे नाव त्याला देतात.

वर्धा नदीच्या खोऱ्यातले थर घ्या. तळाशी हिरवट 'तालचेर'. हे गाव ओडिशातले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनद्या होत्या. बर्फाने घासलेल्या दगडांवरचे ओरखडे चंद्रपूर भागातल्या इरई गावाजवळ मिळाले. फेडन या भूशास्त्रज्ञाने १८७५ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर पांढुरका 'बराकर', बंगाल-झारखंडातल्या नदीच्या नावाचा. दगडी कोळसा आहे तो यात. त्याच्याही वर तांबूस 'कामठी', म्हणजे आपली नागपूरजवळची कामठीच.

आता या नावांचा उपयोग पाहा. वर कामठीचा दगड दिसला म्हणून कोळसा नाही असे समजू नये; खाली बराकर दडलेला असू शकतो. पण छिद्र घेताना तालचेर लागला, की त्याखाली कोळशासाठी खणणे म्हणजे पैसा मातीत घालणे. थर ओळखण्यात चूक झाली, तर सारी मेहनत वाया जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात नवी विहीर निघाली तर मुलांना आत उतरवू नका. खणणाऱ्यांनाच विनंती करा : दगड बदलला की मूठभर तुकडा बाजूला ठेवा आणि खोली सांगा. तुकड्यांवर आकडे घालून शाळेच्या फळीवर ते क्रमाने मांडा, खालचा खाली, वरचा वर. विहीर एकदा बांधून काढली, की थर झाकले जातात. पाहायचे ते त्याआधीच.