डेलियाच्या कंदांची राखण

डेलियाच्या फुलाची हौस पुष्कळांना असते. परंतु एका हिंवाळ्यांत ज्या दारीं डेलिया फुलला, त्या दारीं तोच डेलिया पुढच्या हिंवाळ्यांतही फुलेल, असें खात्रीनें सांगतां येईल अशीं घरें थोडींच. डेलिया लावणें सोपें, फुलविणें त्याहून थोडें अवघड, आणि फुलून गेल्यावर त्याचा कंद जतन करणें सर्वांत अवघड. खानदेशांत तर हें शेवटलें काम साधलें, तरच पहिल्या दोहोंस अर्थ आहे.

भुसावळजवळच्या दीपनगरचें उदाहरण घ्यावें. औष्णिक वीजकेंद्राच्या अशा वसाहतींत, किंवा जळगांव-धुळ्याच्या कोणत्याही अंगण असलेल्या घरांत, डेलियाचा बहर पौष-माघांतला. फाल्गुनांत झाड पिवळें पडतें, कुंडी मागच्या दारीं सरकते आणि विस्मरणांत जाते. गणपतीच्या सुमारास कोणाला तरी तिची आठवण होते. कुंडी उकरून पाहावी, तों कंदांच्या जागीं एक तर सुरकुतलेलीं काटकुळीं मुळें, नाहीं तर काळा चिखल!

कोणी म्हणेल, रोप विकत मिळतें, मग एवढा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर डेलियाच्या जातींतच आहे. मोठ्या दुहेरी फुलाचा डेलिया बियांपासून जसाच्या तसा उतरत नाहीं. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेंतल्या डेलियांत ते आठ आहेत. त्यामुळें एकाच फुलाच्या बियांतून दहा रोपें केलीं, तर दहा तऱ्हा निघतात. रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनीं याच चंचलपणाचा उपयोग करून डेलियाचे अनेक नवे वाण निपजविले. परंतु एकदां निपजलेला वाण पुढें टिकतो तो कंदावर आणि कलमावरच. शेजाऱ्यानें बदलीच्या गांवीं जातांना दिलेला जांभळा डेलिया कुजला, तर तो रंग बाजारांत पुन्हां मिळेलच असें नाहीं.

कंद मरतात ते बहुधा निष्काळजीपणामुळें नव्हे, तर दुसऱ्या हवेसाठीं लिहिलेली काळजी घेतल्यामुळें. डेलियावरील पुष्कळशीं इंग्रजी पुस्तकें थंड मुलुखांत लिहिलेलीं आहेत. तेथें उन्हाळ्यांत फूल येतें, पहिल्या हिमानें झाड काळें पडतें, मग कंद काढून हिंवाळाभर 5 ते 10 अंश उष्णतेच्या तळघरांत ठेवितात आणि वसंतांत त्यांना कोंब आणवितात. आपल्याकडे सारें उलट आहे. आपला डेलिया हिंवाळ्यांत फुलतो आणि त्याला निजवावें लागतें तें उन्हाळ्यांत, जेव्हां भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. त्यामागून पावसाळा येतो. म्हणजे युरोपांतल्या कंदाला एका शत्रूपासून राखावें लागतें, खानदेशांतल्या कंदाला दोघांपासून. आणि हे दोन शत्रू परस्परविरुद्ध आहेत. वैशाखांत कंद सुकून मरतो, आषाढांत कुजून मरतो.

ही अडचण समजण्यास डेलियाचें माहेर पाहावें. तो मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरचा. तेथून 1789 मध्यें त्याचें बीं माद्रिदच्या राजोद्यानांत पोहोंचलें आणि 1791 मध्यें काव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानें अँडर्स डाल या स्वीडिश विद्वानाच्या नांवावरून त्याला डेलिया हें नांव दिलें. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस उन्हाळ्यांत पडतो आणि हिंवाळा कोरडा जातो. पाऊस संपला कीं झाड वाळतें आणि कंद कोरड्या जमिनींत निजून राहतो; त्याला उकरण्यास कोणी जात नाहीं. यावरून दिसेल कीं, कंदाच्या झोंपेचा आधार केवळ थंडी नसून कोरडेपणाही आहे. तळघराची थंडी खानदेशांत आणतां येत नाहीं. परंतु बेताचा कोरडेपणा आणि सांवली हीं आणतां येतात, आणि तेवढ्यावर काम भागतें.

आतां कंदाची रचना. बटाटा हें वस्तुतः खोड आहे. म्हणून त्याच्या अंगावर सर्वत्र डोळे असतात. रताळें हें मूळ आहे, पण त्या मुळाला अंगावर नवे कोंब फुटूं शकतात. डेलियाचा कंदही मूळच. मात्र त्याला ही शक्ति नाहीं. त्याचे डोळे असतात ते फक्त मानेवर, म्हणजे कंद जुन्या खोडाच्या बुडाला जेथें जोडलेला असतो त्या जागीं. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला, तरी तो माती खालीं धरून बसेल, मुळेंही सोडील, पण कोंब म्हणून फुटणार नाहीं. कंद राखणें म्हणजे मान राखणें, हें एक वाक्य ध्यानांत ठेवलें तर पुढचे सर्व नियम आपोआप सुचतात.

पहिला नियम फुलांच्या दिवसांतलाच आहे. दिवस लहान झाला कीं डेलिया कंद भरूं लागतो. आपल्याकडे पौषांत दिवस सुमारें 11 तासांचा असतो. म्हणून फुलणें आणि कंद भरणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं चालतात. शेवटचें फूल कोमेजल्याबरोबर पाणी तोडलें, तर कंद अर्धपोटी राहतो आणि उन्हाळा काढीत नाहीं. फुलें संपल्यावरही पानें हिरवीं आहेत तोंवर, तीन-चार आठवडे, बेताचें पाणी द्यावें. मग तें हळूहळू कमी करीत बंद करावें. ज्या झाडाचीं पानें चट्ट्यापट्ट्यांचीं आणि खुरटीं दिसलीं, त्याचा कंद मात्र ठेवूं नये. तो रोग कंदांत राहून पुढच्या वर्षीं पुन्हां उठतो.

आखाजीच्या आधीं कंद जागेवर पडले पाहिजेत. खोड चार-सहा बोटें ठेवून कापावें आणि बुंध्यापासून वीतभर अंतरावरून सर्व बाजूंनीं माती सैल करून गड्डा अखंड उचलावा. खोड धरून ओढलें कीं माना मोडतात. डेलियाचें खोड पोकळ असतें. त्यांत सांचलेलें पाणी थेट मानेवर उतरतें. म्हणून गड्डा दोन-तीन दिवस उलटा करून सांवलींत वाळवावा. उन्हांत कधींही नाहीं. वाणाचें नांव, निदान फुलाचा रंग, चिठ्ठीवर लिहून ती लागलीच खोडाला बांधावी.

साठवणीला रुंद तोंडाची कोरी कुंडी आणि धुऊन वाळविलेली बारीक वाळू पुरे. गड्डे एकमेकांस लागूं न देतां वाळूंत पूर्ण झांकावेत. बंद डबा किंवा प्लास्टिकची पिशवी नको. आंत घाम सुटतो. कुंडी घरांतल्या सर्वांत थंड कोपऱ्यांत ठेवावी. माठ जेथें ठेवतात ती जागा बहुधा अशीच असते. मात्र माठाचें पाणी कुंडींत झिरपतां कामा नये. कुंडींतच वाढविलेला लहान गड्डा मातीसकट तसाच सांवलींत ठेवला तरी चालतो. पावसाळ्यांत त्यावर छप्पर हवें.

दर पंधरा दिवसांनीं तपासणी करावी. वैशाखांत कंदाला सुरकुत्या दिसल्या, तर कडेच्या वाळूवर ओंजळभर पाणी शिंपडावें, मानेवर नव्हे. वाळू मुठींत दाबली असतां तिचा गोळा होऊं नये, एवढेंच पाणी. मृग लागला कीं हाच नियम उलटा करावा. शिंपडणें बंद, ओलसर वाळू काढून कोरडी भरावी, कुंडी जमिनीवरून उचलून हवेशीर फळीवर ठेवावी. मऊ पडलेला भाग पांढरा गर लागेपर्यंत कापून टाकावा आणि कापल्या जागीं गंधकाची भुकटी किंवा चुलींतली कोरडी राख लावावी. आषाढांतच एखादा पांढुरका कोंब निघाला, तर तो मोडावा. मानेवरचे राहिलेले डोळे पुढें फुटतात.

पोळा झाला कीं कंद जागे करावेत. उथळ खोक्यांत निम्मी वाळू व निम्मे पानांचें खत घालून गड्डा असा बसवावा कीं मान उघडी राहील. जागा उजेडाची पण सांवलीची, आणि पाणी केवळ शिंपडण्यापुरतें. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात. ज्याला थोडींच रोपें हवीं, त्यानें धारदार सुरीनें गड्ड्याचे असे भाग करावेत कीं प्रत्येकांत एक कंद, मानेचा तुकडा आणि फुगलेला डोळा असेल. ज्याला जास्त हवीं, त्यानें कोंब 3 इंचांचा होऊं द्यावा, खालचें एक पेर गड्ड्यावर ठेवून वरचा भाग कापावा आणि ओल्या वाळूंत लावावा. दोन ते तीन आठवड्यांत त्याला मुळें सुटतात. मागें राहिलेल्या पेरावर पुन्हां कोंब येतात. दसऱ्याच्या मागेंपुढें रोप कायम जागीं गेलें कीं हिंवाळ्यांतल्या फुलांची बेगमी झाली. मात्र खानदेशची काळी माती पाणी धरून ठेवते. तींत वाळू व शेणखत मिसळून वाफा उंच करावा, नाहीं तर उन्हाळा-पावसाळ्यांतून वांचविलेला कंद लावल्यावर कुजावयाचा.

इतकें केल्यावरही एखाद्या वर्षीं एखादा गड्डा जाणारच. म्हणून शेवटची खबरदारी घराबाहेरची आहे. एका गड्ड्याची तीन-चार रोपें सहज होतात. त्यांतलें एक ठेवून बाकीचीं दोन-तीन घरीं द्यावींत. वीजकेंद्राच्या किंवा रेल्वेच्या वसाहतींत आज शेजारीं असलेलें कुटुंब उद्यां दुसऱ्या गांवीं जातें, आणि त्याच्याबरोबर वाणही जातो. एकाच्या कोपऱ्यांत कंद सुकला, दुसऱ्याच्या फळीवर कुजला, तरी तिसऱ्याच्या अंगणांत तोच रंग फुललेला असतो. आणि पुढच्या पोळ्याला त्याच्याकडून एक कोंब मागून आणण्यांत कमीपणा कांहींच नाहीं.