दाह, संसर्ग आणि आपली फुप्फुसे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आरोग्यविषयक व्याख्यानासाठी एखाद्या डॉक्टरांऐवजी माझ्यासारख्या कापड दुकानदाराला उभे केले, याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंत झाले आणि पुढचे सारे आयुष्य थान उलगडण्यात व मीटर मोजण्यात गेले. तथापि आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याने माझ्या घरातून एक माणूस नेला आणि मलाही काही वर्षे त्रस्त केले. त्या निमित्ताने जे वाचले आणि डॉक्टरांना पुनःपुन्हा विचारून जे समजून घेतले, तेवढेच आपणापुढे ठेवतो. यात औषधोपचाराचा सल्ला नाही. तो अधिकार माझा नव्हे.

प्रथम रोग म्हणजे काय, ते पाहू. आपण खोकला, ताप, धाप यांनाच रोग समजतो. वस्तुतः ही रोगाची लक्षणे होत. वैद्यकशास्त्र प्रत्येक रोगाबाबत चार प्रश्न विचारते. त्याचे कारण काय? त्या कारणापासून रोग कोणत्या वाटेने घडत गेला? त्यामुळे शरीराच्या अवयवांत आणि पेशींत कोणता बदल झाला? आणि बाहेर कोणती लक्षणे दिसली? रोगाचे खरे स्थान पेशीत असते, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशॉ यांनी १८५८ साली ग्रंथरूपाने मांडला आणि आधुनिक विकृतिशास्त्राला दिशा मिळाली. दुकानात तोटा दिसला म्हणून चोरीच झाली असे आपण मानत नाही. माल खराब निघाला असेल, उधारी थकली असेल, हिशेब चुकला असेल. खोकल्याचेही तसेच आहे. लक्षण एक असते, कारणे अनेक असतात.

या कारणांच्या गर्दीत दोन शब्दांचा आपण नेहमी घोटाळा करतो. एक दाह आणि दुसरा संसर्ग.

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक सेल्सस याने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली. त्या भागाचे काम मंदावणे हे पाचवे लक्षण त्यांत पुढे जोडले गेले. हे सारे काटा करत नाही, आपले शरीर करते, ही ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. इजा झालेल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक येते, रक्तातील द्रव बाहेर झिरपतो आणि पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत बारीक काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला होता. शरीराच्या संरक्षणाचा एक मोठा नियम त्यातून उलगडला आणि १९०८ साली पॉल एहर्लिक यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दाह म्हणजे शरीराने केलेला प्रतिकार. संसर्ग म्हणजे बाहेरच्या जंतूने शरीरात शिरून आपली वाढ करणे. संसर्ग झाला की बहुधा दाह होतो. मात्र जिथे दाह आहे तिथे संसर्ग असेलच असे नाही. धूळ, धूर, परागकण, भाजणे, मुका मार यांनीही दाह होतो. प्रतिजैविक औषध, म्हणजे ज्याला आपण अँटिबायोटिक म्हणतो, ते जिवाणूंवर चालते. धुळीवर चालत नाही आणि सर्दीच्या विषाणूवरही चालत नाही.

संसर्ग झाला म्हणजे रोग झालाच, असेही नाही. १८८२ सालीच, २४ मार्च रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयरोगाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच तो दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. हा जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो, त्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षय होतो. इतरांच्या शरीरात पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती तटबंदी उभारून त्याला कोंडून ठेवतात. कुपोषण, मधुमेह, तंबाखू किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावली की ही तटबंदी ढासळू शकते.

आता फुप्फुसांकडे वळू. शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पंधरा वेळा श्वास घेतो आणि दर वेळी अंदाजे अर्धा लिटर हवा आत जाते. गुणाकार केला तर दिवसाची हवा दहा हजार लिटरांहून अधिक होते. ही हवा झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाणाऱ्या श्वासनलिकांतून कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की आमच्या दुकानातील तलम मलमलीचा धागाही त्यापुढे दोरखंड ठरावा. सगळे वायुकोश उलगडून पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे एखाद्या सदनिकेएवढे भरते. इतका मोठा आणि इतका नाजूक पृष्ठभाग दिवसरात्र बाहेरच्या हवेला सामोरा असतो. म्हणून दाह आणि संसर्ग या दोहोंना येथे वाव फार.

दाह श्वासनलिकांत दीर्घकाळ राहिला, त्या सुजून आकसू लागल्या, की दमा. जंतूंमुळे वायुकोश द्रवाने आणि पेशींनी भरले, की न्यूमोनिया. तंबाखूच्या किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे नलिका अरुंद होत गेल्या आणि वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्या, की ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात तो विकार. आणि कॉख यांच्या जंतूने घर केले, की क्षय. या चारही विकारांत खोकला असतो, पण प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. यापूर्वी ती जाहीरपणे कधी सांगितली नाही.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, १९७४ साली क्षयाने आजारी पडले. त्यांचे वय पंचवीस होते आणि मी शाळेत होतो. त्या काळी उपचार दीर्घ असे. सुरुवातीला रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि सोबत गोळ्या; पुढे गोळ्या चालू ठेवून एकंदर सुमारे दीड वर्ष. कंपाउंडर रोज घरी येत. तीन महिन्यांत दादांचा ताप गेला, वजन वाढले, ते गादीवर बसू लागले. त्याच सुमारास आमच्या ताईच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. कंपाउंडर रोज कशाला येतात, असे शेजारी विचारू लागले. घरात क्षय आहे हे कळले तर स्थळ मोडेल, ही भीती सर्वांना होती. "आता बरे वाटते आहे, पुरे झाले," असे दादाच म्हणाले आणि वडिलांनी मान हलवली. ताईचे लग्न थाटात झाले. दीड वर्षाने दादांच्या बेडक्यात रक्त आले. पुन्हा तीच औषधे सुरू केली, ती लागू पडली नाहीत. १९७७ साली दादा गेले. पुढे मी बी.कॉम.ची परीक्षा दिली आणि त्यांच्या जागी गादीवर बसलो.

असे का घडले, हे मला फार उशिरा कळले. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे वीस तास लागतात. काही जंतू तर जवळजवळ निद्रिस्त राहतात. औषधाने चपळ जंतू आधी मरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते. चिवट जंतू मागे उरतात. उधारी वसूल करताना बरीचशी रक्कम लवकर येते आणि शेवटची बाकीच वर्षभर चकरा मारायला लावते, हे आपणा व्यापाऱ्यांना सांगायला नको. ही बाकी सोडली तर जंतू पुन्हा वाढतात. औषधे अपुरी किंवा अनियमित घेतली तर त्या औषधांना न जुमानणारे जंतूच शिल्लक राहून बळावतात.

आता दुसरी चूक, ती माझी स्वतःची. २००८ सालापासून मला रात्री व पहाटे खोकला येऊ लागला. दिवाळीच्या हंगामात मालाचे गठ्ठे फोडताना छाती दाटून येई. मी प्रत्येक वेळी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची पट्टी आणून तीन दिवस घेत असे. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तीन वर्षे असे चालले. अखेर २०११ साली छातीच्या डॉक्टरांनी फुंकण्याची चाचणी करून सांगितले, "तुम्हाला संसर्ग नाही. श्वासनलिकांचा दाह आहे, दमा आहे." म्हणजे ज्या शत्रूसाठी मी औषध घेत होतो, तो शत्रू तेथे नव्हताच. दादांनी लागणारे औषध अर्धवट सोडले आणि मी नको असलेले औषध घेत राहिलो. दोघांनीही आजार काय आहे ते समजून घेतले नव्हते.

डॉक्टरांनी इनहेलर दिला. पंप एकदा लागला की सुटत नाही, ही समजूत माझ्याही मनात होती. गिऱ्हाईक पाहील म्हणून तो मी गल्ल्याच्या खणात, बिलबुकांखाली ठेवीत असे. एके रात्री धाप लागली आणि पंप दुकानातच राहिला होता. ती रात्र कशीबशी निभावली. सकाळी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "तुमच्या दादांनी इंजेक्शन लपवले, तुम्ही पंप लपवता." त्या दिवसापासून पंप खिशात आहे. आत्ताही आहे.

पंपाचा हिशेबही सांगतो. साल्ब्युटामॉलच्या गोळीत चार मिलिग्रॅम, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर मायक्रोग्रॅम. दोन फवारे घेतले तरी गोळीच्या विसाव्या भागाइतकेच औषध, आणि तेही थेट श्वासनलिकांत. मात्र या फवाऱ्याने नलिका तेवढ्यापुरती मोकळी होते, दाह शमत नाही. दाह शमवणारा, अल्प मात्रेतील स्टिरॉइडचा फवारा डॉक्टर सांगतील तसा नियमित घ्यावा लागतो. बरे वाटले म्हणून तो आपणहून बंद करू नये.

आपल्या धंद्याशी निगडित एक विकारही सांगितला पाहिजे. जिनिंगमध्ये आणि सूतगिरणीच्या पिंजण विभागात कापसाची धूळ श्वासावाटे जाऊन बिसिनोसिस हा विकार होतो. सुट्टीनंतर कामगार कामावर आला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. कापसावरील जिवाणूंचे विषारी अंश धुळीबरोबर आत जातात आणि दाह होतो. येथेही संसर्ग नसतो. जवस व भांग यांचे तंतू पिंजणाऱ्या कारागिरांचा खोकला आणि धाप इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० सालच्या ग्रंथातच नोंदवली आहे. ज्यांच्या श्रमावर आपली दुकाने उभी आहेत, त्यांच्यासाठी धूळ शोषणारी यंत्रणा आणि चांगला मास्क यांवरचा खर्च हा खर्च समजू नये.

दाह आणि संसर्ग यांतील भेद सर्व जगाने अनुभवला तो कोविडच्या काळात. प्रारंभी विषाणूचा संसर्ग आणि काही रुग्णांत पुढे शरीराचाच अनावर दाह. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीतून दिसले की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र लाभ झाला नाही. औषध तेच, रोगही तोच. फरक होता अवस्थेचा. हा फरक ओळखण्यासाठीच डॉक्टर असतात.

शेवटी काही विनंत्या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत क्षयाची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. साध्या क्षयाचा उपचार आता सहसा सहा महिन्यांचा असतो. पोषणासाठी २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून दरमहा पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले आहेत. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज अँटिबायोटिक घेऊ नये आणि सांगितले असेल तर अर्धवट सोडू नये. पर्वकाळात उपवासाचा संकल्प करणाऱ्या रुग्णांनी औषधाच्या वेळांविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे; परस्पर खंड पाडू नये. आणि कोणाच्या घरी क्षय आहे, दमा आहे असे समजले, तर त्या घरातील मुलीचे स्थळ मोडू नये. आमच्या घरी भीती जंतूची कमी आणि शेजाऱ्यांची अधिक होती. शेजारी म्हणजे शेवटी आपणच.

दादांना जाऊन आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. आपल्यापैकी एकाने जरी उद्या सकाळी लपवलेली गोळी किंवा पंप उघडपणे बाहेर काढला, तरी आज बोलण्याचे धाडस केल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.