थंडीचे दिवस आणि घरातील अधू माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी फारशी शिकलेली नाही. सातवी झाले आणि शाळा सुटली. पुढे जे शिकले ते चुलीपाशी आणि गणपतीच्या कारखान्यात. त्यामुळे चार बायकांपुढे उभे राहून बोलायचे म्हटल्यावर पाय लटपटतात. पण आमच्या घरात गेली चार वर्षे एक अधू माणूस आहे, तेव्हा लटपटणाऱ्या पायांविषयी मला थोडेफार कळते. कार्यवाहबाईंनी त्यावरच बोल असे सांगितले, म्हणून धीर केला.

आपल्या जोह्यात थंडी ती काय पडते! पौषात पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही, ओट्यावर दहिवर पडते, आणि दहा वाजले की पुन्हा घाम. म्हणून थंडीची आपण भीती बाळगत नाही. आमच्या घरात जे घडले तेही थंडीने घडले नाही. थंडी वाजू नये म्हणून मी जो उपाय केला त्याने घडले.

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तो गणपती झाल्यावर. डावी बाजू गेली. पुढे पौषात त्या म्हणू लागल्या, हा पाय गार पडतो. मी रबराची पिशवी कढत पाण्याने भरली, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली आणि वरून दोन गोधड्या घातल्या. सुनेने किती काळजी घेतली असे मलाच वाटले. पहाटे पाहते तो घोट्याजवळ लिंबाएवढा फोड! “आई, हाक का नाही मारलीत?” मी म्हटले. त्या म्हणाल्या, “कळले असते तर मारली नसती का गो?”

त्या पायाला गार-गरम कळत नव्हते. त्यात मधुमेह. जखम भरायला अडीच महिने लागले. घाबरून मी फोडावर हळद आणि खोबरेल लावले, तेही चूकच. भाजल्यावर त्या जागी निदान वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, बर्फ लावू नये, फोड फोडू नये, स्वच्छ कापड सैल झाकून डॉक्टर गाठावा. आता आम्ही पिशवीने आधी अंथरूण गरम करतो आणि त्या निजण्यापूर्वी ती काढून घेतो. रोज रात्री दिव्यापाशी दोन्ही तळपाय पाहते. ज्यांच्या घरात मधुमेहाचे माणूस आहे, त्यांनी हे एवढे तरी करावे.

शेगडीचे तसेच. या दिवसांत वालाच्या शेंगा भरतात, आणि भांबुर्ड्याचा पाला घालून शेतावर पोपटी लावल्याशिवाय आपला हिवाळा जात नाही. मागे राहिलेले निखारे घमेल्यात भरून म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत ठेवायचे आणि दार-खिडकी लावून घ्यायची, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धुरासारखा तो डोळ्यांना झोंबतही नाही. धडधाकट माणसाला अस्वस्थ वाटले तर ते उठून दार तरी उघडील. ज्याला उठताच येत नाही त्याने काय करावे? न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरलाही हेच लागू. तो बाहेरच्या भिंतीला असावा, आणि न्हाणीची खिडकी थंडी आली म्हणून कागद चिकटवून बंद करू नये.

आंघोळीचे पाणी काढताना बादलीत आधी गार, मग कढत, आणि मग आपले कोपर बुडवून पाहायचे. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालणाऱ्यांनी जपावे, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. रक्तदाबाची गोळी थंडीत मुळीच चुकवू नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो, असे डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले.

आता माझी दुसरी चूक सांगते. पाय भाजल्यापासून आम्ही सर्वांनी सासूबाईंना उठूच दिले नाही. चहा अंथरुणात, जेवण अंथरुणात, रात्री भांडे पलंगाशी. पडू नयेत, गारठू नयेत. महिनाभरात त्यांचा चांगला पायही आखडला, डावी मूठ उघडेना, आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. गोधडीखाली ते लालसर दिसलेच नाही आम्हांला. एके दिवशी त्या चिडून म्हणाल्या, “मला काय मखरात बसवलेय?” आमचे गणपतीचे घर, तिथे तो शब्द फार लागला. माझे यजमान रंगाचा हात तसाच घेऊन बाहेर निघून गेले.

तेव्हापासून त्या उठतात आणि आम्ही वाट मोकळी ठेवतो. कारखान्याच्या घरात हे सोपे नाही, तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पडवीत कच्च्या मूर्ती, साचे, काथ्याचे पुंजके, रंगाच्या कॉम्प्रेसरची नळी आडवी पडलेली. प्लास्टरची भुकटी फरशीवर बसते आणि त्यावर पहाटेचा दमटपणा आला की पाय सटकतो. आम्ही पलंगापासून संडासापर्यंत आणि पलंगापासून ओट्यापर्यंत खडूने दोन रेघा मारल्या. रेघांच्या आत काही ठेवायचे नाही. पोरांनी पहिल्या दिवशी हसून घेतले. पोत्याची पायपुसणी काढली. लोकरीचे मोजे फक्त अंथरुणात. चालताना मागे पट्टा असलेली रबरी चप्पल. काठीच्या टोकाचे रबर झिजले आहे का, हे काठी उलटी करून पाहिल्याशिवाय कळत नाही. उशाशी बॅटरी. आणि उठताना आधी कडेला बसून पाय खाली सोडायचे, शंभर आकडे मोजायचे, मगच उभे राहायचे. एकदम उठले की चक्कर येते. अंगण सारवायचे ते ऊन चढल्यावर, कारण सकाळच्या गारठ्यात शेण वाळत नाही.

ओट्याचा प्रश्न मात्र मोठा होता. आमचे जोते दीड फूट उंच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एका फुटाला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे आम्हांला अठरा फूट हवे. अंगण तेवढे नाही. यजमान म्हणाले, पाच फुटांत उतरवू. अशा उतारावरून खुर्ची सुटली तर थेट रस्त्यावरच! सासूबाई काठीने चालतात, म्हणून नऊ-नऊ इंचांच्या दोन पायऱ्या काढून साडेचार इंचांच्या चार केल्या आणि एका बाजूला लोखंडी नळीचा कठडा बसवला. सारे घर खूश. सासूबाई कठडा धरून वर गेल्या, मागे वळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचा चालता हात उजवा. चढताना कठडा उजवीकडे होता, उतरताना तोच डावीकडे आला! “आत यायची सोय केलीत, बाहेर जायची कुणी करायची?” असे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूलाही नळी आली. आम्ही चार शहाणी माणसे आठ दिवस मोजमापे घेत होतो, पण त्यांना एकदाही विचारले नव्हते.

आता त्या रोज सकाळी आठ वाजता ओट्यावर कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसतात आणि उजव्या हाताने मूर्तींपुढचे उंदीर रंगवतात. डोळे थोडे तिरके होतात. यजमान ते तसेच पाठवतात.

एक सूचना राहिली. इतके करूनही कोणी पडलेच, तर हाताला धरून ओढून उभे करू नका आणि तेल चोळू नका. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. पांघरूण घाला, हलवू नका आणि १०८ क्रमांकाला फोन करा.

सासूबाईंना आज इथे यायचे होते. हे भाषण काल रात्री त्यांना वाचून दाखवले, तर म्हणाल्या, “उंदरांचे कशाला लिहिलेस?” पण आपल्या मंडळाच्या या खोलीला दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही, म्हणून त्या घरीच बसल्या आहेत. आपल्यापैकी तिघी-चौघींच्या घरी अशी माणसे आहेत, त्याही आलेल्या नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचा नियम आहे. मंडळाच्या नावाने एक अर्ज द्यावा अशी माझी विनंती आहे. तो मी लिहून आणला आहे. सह्या तेवढ्या हव्यात. कठडा दोन्ही बाजूंना असावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.