वसुली : हलगी कुणाच्या दारात?

(अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय पालिकेची थकबाकी आणि आपली वस्ती. फळ्यावर विषय वाचून दोघंतिघं मघाशी म्हणाले, हा काय विषय झाला? अत्याचारावर बोल, क्रांतीवर बोल. घरपट्टीवर काय बोलायचं? मी म्हणतो, घरपट्टीवरच बोलायचं. सरकार नावाची चीज आपल्या उंबऱ्यावर स्वतःहून येते ती दोनदाच. एकदा मत मागायला, एकदा पट्टी मागायला. मत मागताना ती हात जोडते. पट्टी मागताना तिचं खरं तोंड दिसतं.

आधी एक साफ करतो. कर भरू नका असं सांगायला मी उभा नाही. पहाटे पाचला झाडू घेऊन निघते ती आपलीच आई. तिचा पगार पालिकेच्या तिजोरीतून येतो. तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. कायम जागा रद्द होते न् कंत्राटदार उगवतो. जकात बाकीच्या शहरांतून आधीच गेली होती. 2017 साली जीएसटी आला न् मुंबईचे नाकेही बंद झाले. पालिकेच्या स्वतःच्या हातात मोठं साधन उरलं ते मालमत्ता कर. म्हणून फेब्रुवारी-मार्च आला की वसुली पथकं सुटतात. पैसा गोळा झालाच पाहिजे. सवाल आहे तो कुणाकडून, आणि कसा.

ह्या वसुलीसाठी राज्यातल्या कितीतरी पालिकांनी एक शक्कल काढलीय. थकबाकीदाराच्या दारात बँड लावायचा, ढोल बडवायचा, हलगी वाजवायची. पेपरात फोटो येतो. चहाच्या टपरीवर लोक खिदळतात. तुम्ही त्या फोटोत वाजवणाऱ्याचा चेहरा बघा. हलगी कुणाच्या गळ्यात असते हे ह्या सभेत सांगायची गरज नाही.

गावात महाराकडं तराळकी-येसकरकी होती तेव्हा त्याचं एक काम काय होतं? साऱ्यासाठी लोकांना चावडीवर बोलवून आणायचं, दवंडी द्यायची, गोळा झालेला सारा राखत तालुक्याला पोचवायचा. बदल्यात वतनाचा तुकडा, आणि त्या तुकड्यावरही पुन्हा जुडी. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं ते ह्या वेठीविरुद्ध. वतनं खालसा करायचा कायदा व्हायला 1958 उजाडलं. आणि आज पालिकेत कॉम्प्युटर आहे, बिल मोबाईलवर येतं, तरी वसुलीला हलगीच लागते! वाजवणारा आपला. ज्याच्या दारात वाजते तोही पुष्कळदा आपलाच. रोजंदारी मिळाली म्हणून वाजवणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याला तिथं उभं करणाऱ्या साहेबाला देतो.

शिवाय ही लाज लागते कुणाला? टॉवरच्या गेटवर बँड वाजला तर मालक चौदाव्या मजल्यावर एसी लावून बसलेला असतो, नाहीतर दुबईत. आपल्याकडं भिंतीला भिंत. पोरीला बघायला पाहुणे आलेत आणि दारात हलगी. ती बाई सावकाराकडून दहा टक्क्यानं पैसे उचलून भरणार. पालिकेचा आकडा वसूल झाला, बाई सावकाराच्या जात्यात गेली.

कायद्यात ही वाजंत्री कुठंही नाही. महापालिकेच्या कायद्यात बिल आहे, नोटीस आहे, मग जप्तीचं वॉरंट, मग लिलाव. कायदा कडकच आहे. पण त्याच कायद्यानं स्वतःला एक कुंपण घातलंय. नेसूचे कपडे, अंथरूण-पांघरूण, रांधायची न् जेवायची भांडी, कारागिराची हत्यारं ह्यांना हात लावता येत नाही. म्हणजे चांभाराची रापी न् शिलाईवालीचं मशीन उचलायला कुणी आलं तर पोरांनो, गप्प बसू नका. वॉरंट दाखवा म्हणा. सामान उचललं तर यादी करून सही मागा.

आता हिशेबाकडं येऊ. हा भाग जरा कंटाळवाणा आहे, पण लुटीची मेख इथंच मारलीय. थकलेल्या रकमेवर महापालिका दरमहा 2 टक्के शास्ती लावते. वर्षाचे झाले 24. बँकेच्या घरकर्जाला एवढा भाव नाही. आमच्या गल्लीतल्या एका मावशीची थकबाकी होती 10,000. ती धुणीभांडी करते. इमानानं दर महिन्याला 200 रुपये भरत राहिली. वर्षभर भरले, 2,400. वर्ष सरल्यावर पावती आणली वाचायला. मूळ थकबाकी 10,000 ती 10,000च! तिचा पैन् पै शास्तीत वळता झालेला. मावशी म्हणाली, "अरे बाबा, मी मग भरलं कशाला?" तिला उत्तर द्या.

आणि ज्यानं चार वर्षं एक दमडी भरली नाही त्याच्यासाठी येते अभय योजना. नाव तर बघा, अभय! बहुतेक योजनांत अट एकच, सगळी रक्कम एकरकमी भरा, शास्तीत घसघशीत सूट घ्या. एकरकमी कोण भरणार? ज्याच्याकडं रक्कम होती पण जो थांबला होता तो. मावशीनं हप्त्याहप्त्यानं शास्ती भरली, त्याला ती माफ झाली. ह्याला मी न्याय म्हणत नाही. नसल्यामुळं न भरणारा आणि असून न भरणारा, ही दोन माणसं पालिकेच्या वहीत एकाच शब्दात मावतात : थकबाकीदार. वसुलीतला सगळा अन्याय ह्या एका शब्दाच्या आड चालतो.

बरं, बिलच चुकीचं असलं तर? आपल्याकडं बिल मेलेल्या आज्याच्या नावावर येतं. दहा बाय बाराची खोली कागदावर दुप्पट होते. कितीदा बिल येतच नाही, थेट नोटीस येते. करयोग्य मूल्याविरुद्ध अपील करता येतं, पण त्या अपिलासाठी मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. भरायला असते तर वाद कशाला घातला असता! मोठा माणूस वकील लावून हायकोर्टात जातो, आपला माणूस खिडकीवर जातो. खिडकीवरचा म्हणतो, जेवणाची सुट्टी आहे.

पाण्याचं बोलतो. घरपट्टी थकली की नळ तोडायचा, हा आणखी एक मार्ग. महाडची नगरपालिका आठवा. 1924 साली तिनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, 20 मार्च 1927 ला आपण खरोखर पाणी प्यालो, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिनं तो ठराव मागं घेतला. पाणी हे पालिकेच्या हातातलं हत्यार आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण 15 डिसेंबर 2014 ला पाणी हक्क समितीच्या खटल्यात मुंबई हायकोर्टानं सांगितलं की वस्ती बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. मग घरपट्टीच्या चार हजारांसाठी लेकरांचं पाणी तोडणं कुठल्या तोंडानं योग्य ठरवणार?

गावाकडं तर ही थकबाकी राजकारणात चालते. ग्रामपंचायतीचा कर मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही तर सदस्यपद जातं, उमेदवारी अडते. राखीव जागेवर आपली बाई उभी राहिली की कुणीतरी बरोब्बर जुनी पट्टी उकरून काढतो. म्हणून गावी ज्यांची घरं आहेत त्यांनी पावत्या आजच तपासा. भरलेल्या पावतीएवढं दुसरं हत्यार नाही.

आपण मागायचं काय? जमा होणारा पैसा आधी मूळ करात धरा, शास्ती मागाहून. उत्पन्न बघून हप्ते बांधून द्या, आणि हप्ता चालू आहे तोवर शास्ती बंद. नोटीस द्यायच्या आधी वस्तीत टेबल लावा, बिल वाचून दाखवा, चूक असली तर तिथंच दुरुस्त करा. पाणी न् दाखले वसुलीला जुंपू नका. हलगी बंद. आणि मोठ्या शंभर थकबाकीदारांकडून किती आले, हे दर महिन्याला पालिकेच्या दारावर लावा. ह्यातलं काहीही आकाशातून आणायचं नाही. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. निवडणूक डोळ्यांसमोर असली की पालिकेला सगळं जमतं.

तर येत्या रविवारी सकाळी नऊला समाजमंदिरात बसायचं. ज्याच्या त्याच्या घरातली तीन वर्षांची बिलं, पावत्या, नोटिसा घेऊन या. उंदरानं कुरतडलेल्या असल्या तरी आणा. ज्या पोरांनी बी.कॉम. केलंय त्यांनी वही न् कॅल्क्युलेटर घेऊन आठलाच यायचं. मूळ कर वेगळा, शास्ती वेगळी, असं घराघराचं पान लिहू. सोमवारी ती वही घेऊन आपण आयुक्तांकडं जाऊ. मावशी पुढं असेल.

जय भीम.